आईचा आयएनआर 9 वर गेला, आता आयसीयूत 13 औषधं चालू आहेत. ती एकमेकांत भांडत नसतील कशावरून?

तासगावकर_88 | रात्री 11:52

नमस्कार मंडळी. मिरजेत एका आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून मोबाईलवर टाइप करतोय, चुकलंमाकलं समजून घ्या. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, आई अजून आतच आहे.

आई 58 वर्षांची. लहानपणी सांधेज्वर झालेला, त्यातनं हृदयाची झडप खराब झाली आणि 2016 ला मायट्रल व्हॉल्व्ह बदलला, धातूचा. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ राहायची ॲसिट्रोम आणि सकाळी हृदयाच्या ठोक्यांसाठी लॅनॉक्सिनची गोळी. महिन्याला आयएनआर करतो (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ), अडीच ते साडेतीनच्या मधे ठेवायला सांगितलाय आणि राहायचा पण. सीझनला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते, म्हणजे झोपून असलेली बाई नाही.

गेल्या आठवड्यात भावकीतल्या लग्नाहून आली आणि जुलाब सुरू. गावातल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिली, दिवसाला तीन, पाच दिवस. जुलाब थांबले पण जेवण जाईना, नुसती पेज. पाचव्या दिवशी दात घासताना रक्त आलं, दंडावर निळे डाग, आम्ही म्हणलं अशक्तपणा असेल. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय. सहाव्या दिवशी संडास डांबरासारखी काळी झाली आणि बाथरूममधेच पडली. इथं आणली तर आयएनआर 9.2 आणि हिमोग्लोबिन 5.8. रक्ताच्या तीन पिशव्या, प्लाझ्मा, आणि रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के अगदी थोडं थोडं, कारण एकदम जास्त दिलं तर धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरायची भीती. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते हेच.

रक्त थांबलं तर काल छातीत कफ भरला, न्यूमोनिया सांगितलाय, ठोके 160 ला गेले म्हणून ॲमिओडॅरोन नावाचं ड्रिप लावलं. मेडिकलच्या चिठ्ठ्या जमवून यादी केली तर 13 औषधं होतात. एका साध्या जुलाबाच्या गोळीनं हे झालं, आता 13 एकत्र म्हणल्यावर झोप कशी येणार. आतल्या डॉक्टरांना विचारलं तर "आम्ही बघतोय" एवढंच. कुणी आतलं माहितगार असेल तर सांगा, नातेवाइकानं नक्की विचारायचं काय? आणि गावातल्या डॉक्टरचं चुकलं का?

कुपवाडचा_बंड्या | रात्री 12:10

चुकलं का काय विचारता, सरळ केस ठोका की ओ. हे लोक एकमेकांना सांभाळून घेतात. फाईलची झेरॉक्स आजच मागून ठेवा, नंतर पानं गायब होतात.

मेडिकलवाला_विश्रामबाग | रात्री 12:31

बंड्या भाऊ जरा दमानं. केस करायची तर करतील, पण आत्ता त्यांची आई आत आहे.

दादा, एक सांगा, गावातल्या डॉक्टरांना ॲसिट्रोम चालू आहे हे सांगितलं होतं का? दोष द्यायला विचारत नाहीये. माझं 19 वर्षं काउंटर आहे, मेट्रोनिडाझोल आणि ॲसिट्रोम ही जोडी एका चिठ्ठीवर मी फार क्वचित बघितलीय, कारण त्या दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या असतात आणि बहुतेक वेळा दोन दुकानांत जातात. हार्टवाले मिरजेचे, जुलाबवाले गावातले. ॲसिट्रोम लिव्हरमधे ज्या एन्झाइमनं मोडते त्यालाच मेट्रोनिडाझोल अडवते, म्हणजे रोजचीच गोळी पण अंगात साचत जाते. त्यात पोटात अन्न नाही म्हणजे भाजीपाल्यातनं येणारं व्हिटॅमिन के बंद. दोन्ही एकाच दिशेला ढकलतात. बुरशीची फ्लुकोनाझोल आणि सल्फाची को-ट्रायमोक्साझोल पण अशीच. ॲसिट्रोमवाल्याला यातली कुठली सुरू करायची वेळ आलीच तर तीन-चार दिवसांत आयएनआर परत बघायचा असतो, महिन्याची वाट बघत बसायचं नाही.

आणि एक, स्ट्रिप. माणसं अर्धी स्ट्रिप कापून नेतात, नाव असलेला तुकडा आमच्याकडं राहतो आणि घरी जातात नुसत्या चमकणाऱ्या गोळ्या. ॲसिट्रोम 1, 2, 3, 4 एमजी अशा पॉवरमधे येते. "ती पांढरी बारकी गोळी" असं सांगून आयसीयूतल्या डॉक्टरला काय कळणार? मी आता नाव आणि पॉवर असलेला तुकडाच गिऱ्हाइकाला देतो, उरलेला मी सांभाळतो. धंद्याला थोडं गैरसोयीचं आहे पण असू दे.

तासगावकर_88 | रात्री 12:40

त्यांना व्हॉल्व्ह माहितीय, गोळीचं नाव आम्ही काढलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ओपीडीत 30 माणसं होती. आई स्वतः गेलती, मी पुण्याला.

रात्रपाळी_सिस्टर | पहाटे 3:15

आत्ता जरा बेड शांत आहेत म्हणून लिहिते. मिरजेतच आयसीयूला 11 वर्षं झाली, तुमच्या हॉस्पिटलात नाही.

13 आकडा ऐकून घाबरू नका दादा, आयसीयूत एवढी असतातच. भांडणं दोन प्रकारची असतात. एक शरीरात गेल्यावर, ते डॉक्टर सांगतील. दुसरं शरीरात जायच्या आधी, नळीतच, ते आमच्या हातात असतं. गळ्याजवळ जी जाड सुई घालतात ना, सेंट्रल लाइन, तिला बहुतेक तीन तोंडं असतात. बीपीचं नॉरॲड्रेनॅलिन चालू असेल तर त्याला एक तोंड कायमचं वेगळं. त्याच तोंडातनं कुणी घाईत दुसरं इंजेक्शन ढकललं तर नळीत साठलेलं सगळं नॉरॲड एका दमात आत जातं आणि बीपी 220. झोपेचं मिडाझोलाम आणि लघवीचं लॅसिक्स एका नळीत भेटले की दुधासारखं पांढरं होतं, डोळ्यांनी दिसतं. फिटचं फेनिटॉइन नुसत्या सलाइनमधेच, साखरेच्या बाटलीत घातलं की खडे धरतं. सेफ्ट्रायाक्सोन हे ॲन्टिबायोटिक आणि कॅल्शियम एका नळीत नाही, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाइनच्या बाटलीत कॅल्शियम असतं म्हणून तिच्यातनं पण नाही. ट्रेनिंगला हे सगळं घोकून घेतात, तरी मी अजून खिशात चिठ्ठी ठेवते.

आमच्यात सगळ्यात भीती केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची. 10 मिलीची बारकी अँप्युल, आत पाण्यासारखंच दिसतं, पण 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. बाटलीत मिसळून पंपावर हळूहळू द्यायचं औषध ते. आमच्याकडं ते वेगळ्या कप्प्यात कुलपात, काढताना दोघींची सही. पाच वर्षांपूर्वी माझ्या हातात एकदा डिस्टिल्ड वॉटर म्हणून ते आलेलं, ट्रेमधे शेजारी शेजारी होती. फोडायच्या आधी नाव वाचलं. त्या रात्री घरी जाऊन जेवले नाही.

तुम्हाला एकच विनंती, सिस्टर इंजेक्शन भरत असताना काचेतनं हाका मारू नका. "सिस्टर जरा बघा की" म्हणलं की मान वळते, आणि वळलेल्या मानेनं किती मिली भरले ते विसरतं. भरून झालं की आम्ही येतोच.

आणि मेडिकलमधनं औषध आणताना पुडकं देऊन पळू नका. कालचं निळ्या झाकणाचं होतं, आज कंपनी बदलून लाल आलं तर आम्हाला सांगा. आतलं औषध तेच असतं, पण अर्धवट झोपेतला माणूस झाकणाच्या रंगावर जातो, खोटं कशाला बोलू.

नाकातनं नळी आहे का आईंना? असेल तर घरच्या गोळ्यांत नावापुढं एसआर, ईआर, एक्सएल असलेली कुठली असेल तर सांगून ठेवा. ती गोळी दिवसभर हळूहळू सुटायला बनवलेली, खलात कुटून नळीतनं दिली की 24 तासांचा डोस एका तासात.

वाई_ते_कराड | सकाळी 7:48

मी भूलतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात आयसीयू बघतो. पेशंट न बघता उपचार सांगणार नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून.

पहिलं हे की आयसीयूत एकमेकांशी न पटणारी औषधं आम्ही बऱ्याचदा माहीत असून देतो. तुमच्या आईंचंच घ्या. ठोके 160 आहेत, व्हॉल्व्ह धातूचा, ॲमिओडॅरोन द्यावंच लागणार. पण ॲमिओडॅरोनचं लॅनॉक्सिनशी वाकडं आहे, रक्तातलं लॅनॉक्सिन वाढतं, म्हणून ते साधारण निम्मं करतात किंवा बंद ठेवतात. वाढलं तर मळमळ, पिवळसर दिसणं आणि मुख्य म्हणजे ठोके बिघडतात, आणि आपण ठोके सुधारायला औषध देत होतो! ॲसिट्रोमशी तर आणखीच वाकडं, आणि ते लगेच दिसत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी चढत जातं. ॲमिओडॅरोन शरीरातनं जायला आठवडे ते महिने घेतं. म्हणजे ड्रिप बंद झालं, आई घरी आल्या, सगळे म्हणाले वाचल्या, आणि जुन्याच डोसनं ॲसिट्रोम सुरू केली तर तिसऱ्या आठवड्यात परत हेच. त्यामुळं विचारायचं असेल तर असं विचारा: "लॅनॉक्सिनचा डोस कमी केलाय का, आणि ॲसिट्रोम परत सुरू करताना किती कमी आणि आयएनआर किती दिवसांनी?" असा नेमका प्रश्न आला की आम्हीही थांबून उत्तर देतो. "सगळं बरोबर चाललंय ना" याला आमच्याकडं "हो" शिवाय दुसरं काही नसतं.

यादीत मेरोपेनेम आहे का बघा. फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पेशंटला मेरोपेनेम दिलं की एक-दोन दिवसांत रक्तातलं व्हॅल्प्रोएट धाडकन उतरतं, डोस वाढवूनही भरून येत नाही आणि पेशंटला फिट येते, तेव्हा मग एक तर ॲन्टिबायोटिक बदला नाहीतर फिटचं औषध. तुमच्याकडं फिटचा त्रास नसेल तर सोडून द्या.

ईसीजीचं मात्र विचारा. ईसीजीवर क्यूटी म्हणून एक अंतर असतं, ते 500 मिलिसेकंदाच्या वर गेलं की हृदयाची धोकादायक लय सुरू होऊ शकते. ॲमिओडॅरोन ते वाढवतं, उलटीचं ओन्डान्सेट्रॉन वाढवतं, न्यूमोनियाला देतात ते अझिथ्रोमायसिन वाढवतं, रात्री पेशंट बडबडायला लागला की देतात ते हॅलोपेरिडॉल पण. एकेकटं बरं, चौघं एकत्र आले आणि जुलाबानं पोटॅशियम-मॅग्नेशियम आधीच उतरलेलं असलं की गडबड. तुमच्या आईंना जुलाब झालेले.

कॉम्प्युटरवर हे सगळं लाल खुणेनं दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत. अडचण अशी की ते प्रत्येक गोष्टीला लाल दाखवतं, दिवसाला 100 वेळा लाल दिसलं की 101 व्या वेळी बोट आपोआप "ओके"वर जातं. माझं पण गेलंय.

कुपवाडचा_बंड्या | सकाळी 8:20

बघा, डॉक्टरच कबूल करायलेत. आणि रात्री आतमधे असतं कोण? शिकाऊ पोरं. मोठे डॉक्टर सकाळी राउंडला.

वाई_ते_कराड | सकाळी 9:05

यात तुम्ही चुकीचं बोलत नाही आहात. 1984 ला न्यूयॉर्कमधे 18 वर्षांची एक कॉलेजची मुलगी ताप आणि हातपाय झाडतायत म्हणून रात्री ॲडमिट झाली. डिप्रेशनसाठी फेनेल्झिन घेत होती, तिला पेथिडिन हे वेदनाशामक दिलं, या दोघांचं अजिबात जमत नाही. सकाळी गेली. बघणारे शिकाऊ डॉक्टर, अंगावर 36 तासांची ड्युटी आणि बाकी 40 पेशंट. त्यावरून 1989 ला तिथं नियम आला, आठवड्याला 80 तासांच्या वर ड्युटी नाही. आपल्याकडं रेसिडेंटांना विचारा किती तास होतात. पण यावर वेगळा धागा काढा, इथं नको.

बोलकी_हळद | सकाळी 10:30

डॉक्टर काहीच सांगत नाहीत म्हणून मी सांगते, रोज रात्री कोमट दुधातनं हळद आणि सकाळी हळदीची कॅप्सूल, माझ्या सासऱ्यांना बायपासनंतर खूप फरक पडला. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही. आपल्या सांगलीची हळद जगात जाते आणि आपण इंग्लिश गोळ्या खातो.

मेडिकलवाला_विश्रामबाग | सकाळी 11:02

ताई, आमटीतली, दुधातली चिमूटभर हळद कुणाला नको म्हणत नाही. पण कॅप्सूलमधे अर्क असतो. रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या एका पेशंटनं हळदीचं असंच प्रॉडक्ट सुरू केल्यावर आयएनआर 10 च्या वर गेला, असा इशारा न्यूझीलंडच्या औषध खात्यानं 2018 ला दिला होता. ॲसिट्रोमवाल्या माणसाला तरी कृपा करून सांगू नका.

उलटं पण सांगतो. माझ्याकडं तासगावची माणसं येऊन विचारतात, गोळी चालू आहे तर द्राक्षं बंद करू का, नेटवर ग्रेप लिहिलंय. अहो ते ग्रेपफ्रूट, लिंबाच्या जातीचं, आपल्या पपनसाचा भाऊ. काही बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्यानं वाढतात. द्राक्षं खावा बिनधास्त, शुगर असेल तर बेतानं. एका काकांनी दोन वर्षं स्वतःच्या बागेतलं द्राक्ष तोंडात घातलं नव्हतं.

जतचा_माणदेशी | दुपारी 1:44

मी यातला जाणकार नाही पण आमच्या चुलत्याचं लिहितो, उपयोग झाला तर बघा.

चुलते 66 वर्षांचे, न्यूमोनिया होऊन आयसीयूत. ॲन्टिबायोटिक बरोबर, सलाइन भरपूर, नॉरॲडचा पंप वाढवत वाढवत नेला तरी बीपी 80 च्या वर येईना. तीन दिवस. डॉक्टर रोज विचारायचे "काही गोळ्या चालू होत्या का", आम्ही रोज सांगायचो "काही नाही साहेब, धडधाकट माणूस". खरं म्हणजे खोटं बोलत नव्हतो, पुडी म्हणजे गोळी नव्हे ना! गुडघे दुखतात म्हणून तीन वर्षं आठवडी बाजारातनं एक जण पुड्या द्यायचा, काळपट पावडर, मधातनं घ्यायची. चौथ्या दिवशी एका बारक्या लेडी डॉक्टरनं चुलतीला बाजूला घेऊन विचारलं, गोळ्यांचं सोडा, काढा, चूर्ण, पुडी, लेप, मालिशचं तेल, कायबी? आणि चेहरा गोल झालाय का हो अलीकडं? चुलती म्हणली व्हय, तोंड लय भरलंय, बरं वाटतं तब्येतीला. त्या बाईनं लगेच हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी नॉरॲड निम्म्यावर आलं. पुडीत स्टिरॉइड असणार. तीन वर्षं बाहेरनं मिळालं म्हणून शरीरानं स्वतःचं बनवायचं सोडून दिलेलं, आणि आजारात पुडी बंद झाल्यावर बीपी धरायला काही राहिलं नाही, असं त्यांनी समजावलं.

चुलते आता बरे आहेत. गुडघे दुखतात.

रात्रपाळी_सिस्टर | दुपारी 2:30

अगदी. आम्ही "औषधं" विचारतो आणि लोकांच्या डोक्यात औषध म्हणजे डॉक्टरनं दिलेलं. मी आता "पुडी" असाच शब्द वापरते.

वाई_ते_कराड | दुपारी 3:12

त्या पुड्यांत कधी स्टिरॉइड, कधी डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक, कधी दोन्ही असतं. दुसरं ॲसिट्रोमबरोबर म्हणजे पोटात रक्तस्राव ठरलेला. तासगावकर, तुमच्या आईंची संडास काळी होती म्हणालात. घरी एकदा नीट विचारा.

आणि औषधाचा त्रास झालाय असं वाटलं तर नातेवाईकसुद्धा कळवू शकतात, 1800-180-3024, टोल फ्री आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून हा कार्यक्रम चालतो. ती तक्रारीची जागा नाही, कुणावर कारवाई होत नाही. कुठल्या औषधानं काय होतंय याची नोंद होते.

तासगावकर_88 | दुसऱ्या दिवशी, रात्री 9:20

सगळ्यांचे आभार. सकाळी राउंडला डॉक्टरांना तसंच नेमकं विचारलं. लॅनॉक्सिन त्यांनी ड्रिप लावलं त्याच दिवशी निम्मं केलेलं होतं, ईसीजी रोज काढतात, क्यूटी 460 आहे. ॲसिट्रोम अजून बंद, आयएनआर दोनच्या जवळ आला की हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, लावणार, मग ॲसिट्रोम कमी डोसनं आणि आठवड्यातनं दोनदा तपासणी. मला म्हणाले हे कुणी सांगितलं तुम्हाला, मी म्हणलं ओळखीचे आहेत. आईचा ऑक्सिजन कमी केलाय, मला ओळखलं, शेडवरच्या बायकांचा पगार झाला का विचारलं.

दुपारी तासगावला जाऊन आईचा गोळ्यांचा पत्र्याचा डबा घेऊन आलो. 17 स्ट्रिपा, त्यातल्या सहा एक्स्पायरी झालेल्या, चारांवर नावच नाही. तळाला वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या होत्या. 11 शिल्लक.

मी डबा तसाच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं या कुठनं आणल्या आणि किती दिवस चालू आहेत. दिवस सांगता आले. दिवाळीपासून, गुडघ्यासाठी. कवठेमहांकाळच्या बाजारातनं मीच आणलेल्या, 40 पुड्या, आई नको म्हणत होती.